हातावरची म्हैस

आक्काताईची म्हैस आक्काताईशिवाय दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही, ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. आक्काताईला तिचा अभिमान होता, आणि सगळा घोटाळा तिथंच होता. म्हैस एकाच माणसाच्या हाताला सवकली की ती हातावर गेली असं म्हणतात. मग दुसरं कुणी खाली बसलं की ती पाय झाडते, शेपटीनं तोंडावर फटकारते, आणि दूध वर ओढून घेऊन अशी उभी राहते, जशी काही जन्मात कधी व्यालीच नव्हती. लोक कौतुकानं म्हणायचे, आक्काताईच्या हाताला गुण हाय. असेल गुण. पण त्या गुणापायी ही बाई लग्न होऊन आल्यापासून घराला बांधली गेली होती. म्हैस निदान दुपारी डुंबायला तरी सुटायची.

आक्काताईचं वय पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेलं. कागलजवळ हमरस्ता सोडून उसाच्या रानातनं आत गेलं की तिचं गाव. बुद्धविहाराच्या मागं घर, घराला लागून गोठा, आणि गोठ्यात कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी. घरात नवरा केरबा, ज्याला सगळे आबा म्हणायचे. धाकटा मुलगा अतुल, एमआयडीसीत कामाला. आणि सून शिवानी, गावच्या अंगणवाडीत सेविका. थोरला प्रसेनजीत पुण्याला. सगळी माणसं चांगली. कुणी तिला कधी वावगं बोललेलं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडायला काही हाताशी असतं.

त्या सकाळी ती शेण काढत होती आणि फोन वाजला. चंदगडकडनं होता. तिकडं तिचं माहेर, आणि माहेराच्याच शेजारच्या गावात धाकटी बहीण विठाबाई दिलेली. बोलत होती ती विठाबाईची सून पूर्णिमा.

"मावशी, आत्तींचं काय खरं न्हाय. डॉक्टरनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. हृदय थकलंय म्हणाले. खाणं सुटलंय, पण शुद्धीत हायत. सारखं एकच चाललंय, आक्का आली का, आक्का आली का."

"येतो म्हणून सांग तिला," आक्काताई म्हणाली. "उद्याच येतो."

"मावशी, नक्की येणार असला तरच सांगते. न्हाईतर नको सांगाय."

पोरीनं काही खोटं म्हटलं नव्हतं. तरी आक्काताईच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. तिनं फोन ठेवला, शेणाची पाटी उचलली आणि उकिरड्यावर अशी आपटली, की पलीकडच्या घरातनं कुणीतरी डोकावून बघितलं.

आता पूर्णिमा असं का म्हणाली, हे कळायचं तर जरा मागं जायला हवं. चंदगडच्या पावसात वाढलेली, भाताच्या चिखलात रोप लावणारी आक्काताई सोळाव्या वर्षी इकडं काळ्या रानात आली. पहिल्याच आठवड्यात सासूनं तिच्या हातात चरवी दिली आणि सांगितलं, हितनं फुडं म्हस तुझी. सासूला वाटलं, सुनेला मान दिला. सुनेलाही तसंच वाटलं. म्हशीनं दोन दिवसांत तिला पत्करलं, आणि घरातल्या बाकीच्यांनी त्या दिवसापासून म्हशीखाली बसायचं जे सोडलं ते सोडलंच.

त्या काळात बौद्धवस्तीतलं दूध गावात कुणी घेत नसे. ताकसुद्धा नाही. घरात लागेल तेवढं ठेवायचं आणि उरलेलं कागलच्या हॉटेलात पोचवायचं. तिथं दूध कुणाच्या घरचं हे विचारत नव्हते. पुढं गावात डेअरी झाली, आणि आक्काताईच्या चरवीतलं दूध गावच्या पाटलाच्या दुधाबरोबर एकाच कॅनमध्ये पडलं. केरबा त्या दिवशी छाती काढून घरी आला. आपल्या दुधाला फॅट सगळ्यात जास्ती लागली, म्हणाला. दुधाला मान मिळाला, घराला मिळाला, केरबाला तर मिळालाच. दूध काढणारी मात्र जिथं होती तिथंच, दोन गुडघ्यांत चरवी धरून बसलेली होती.

तिचं सगळं आयुष्य दोन धारांच्या मधे जेवढं मावेल तेवढंच झालं. त्यात पुष्कळ मावलं, हेही खरं. उसाची भांगलण, लावण, खोडवं, पाचटानं कापलेले हात. आपल्या रानात आणि नड पडली की दुसऱ्याच्या रानात. दोन पोरांच्या शाळा, सासूचं आजारपण, सासऱ्याचं म्हातारपण. अतुलच्या वेळी तर ओल्या बाळंतिणीला म्हशीखाली बसवलं होतं. दरवर्षी दसऱ्याला वस्तीतनं नागपूरला दीक्षाभूमीला गाडी सुटायची. केरबा किती वेळा जाऊन आला त्याची गणती नाही. आक्काताई सगळ्यांच्या भाकरी-चटणीच्या गाठोड्या बांधून द्यायची आणि गाडी वळणाआड गेली की गोठ्यात जायची. नागपूरला नेसायचं म्हणून घेतलेलं पांढरं लुगडं पेटीत घडीवर पिवळं पडलं.

प्रसेनजीतनं पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा ती पहाटेची धार काढून गेली. बुद्धवंदना झाली, पानं वाढली, दोन घास पोटात गेले आणि केरबानं घड्याळ बघितलं. त्या घराची गॅलरी कुठल्या अंगाला आहे हे तिला आजही सांगता येत नाही. बरं, एक म्हैस आटली की सुटका होईल म्हणावं, तर तोवर व्यायला आलेली दुसरी दावणीला असायचीच. ती व्यवस्था केरबानं कधी चुकू दिली नाही. त्यात त्याला कर्तेपण वाटायचं.

पण हे सगळं तिनं गिळलं होतं. न गिळलेली गोष्ट एकच, आव्वाची. आव्वा म्हणजे या दोघींची आई.

आव्वानं अंथरूण धरलं तेव्हा विठाबाईनं माणूस पाठवला होता, ये आणि ऱ्हा म्हणून. त्या वेळी दावणीला रत्नी होती. वस्तीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, म्हस वासावर असती, तुझं लुगडं नेसून नवऱ्याला खाली बसीव, देईल. आक्काताईनं लाज गुंडाळून ठेवली आणि केरबाला तसं सांगितलं. केरबा तापला. "मी बायकूचं लुगडं गुंडाळून म्हशीखाली बसू? उद्या वस्तीत तोंड कसं दाखवू?" मग जायचं म्हणून गेला, तसाच धोतरावर बसला. रत्नीनं लाथ घातली, चरवी उलटी झाली, आणि हा उठला. "बघितलंस? न्हाय देत." एवढ्यावर तो विषय संपला. आज जाते, उद्या जाते करत आक्काताई राहिली. ती पोचली तेव्हा आव्वाला नेऊन माणसं परत आली होती. विठाबाई दारात उभी होती. तिनं थोरल्या बहिणीकडं बघितलं आणि विचारलं, "झाली म्हशीची धार?" आणि आत निघून गेली.

त्यानंतर दोघी बोलायच्या, लग्नाकार्यात भेटायच्या, पण तो प्रश्न मधेच बसलेला असायचा. आणि आता विठाबाई चालली होती.

संध्याकाळी सगळे घरात असताना आक्काताईनं सांगितलं. "मी उद्या चंदगडला जातो. विठाचं काय खरं न्हाय. चांगले पंधरा दीस ऱ्हाणार हाय."

"जा की," केरबा म्हणाला. तो मनानं वाईट माणूस नव्हता. पण मनात जे पहिलं येतं तेच त्याच्या तोंडातनं बाहेर पडायचं. "आन म्हस?"

या घरात तिच्या कुठल्याही बोलण्याला हे उत्तर ठरलेलं होतं. मुलाचं लग्न असो, डोळ्याचं ऑपरेशन असो, मरण असो. आन म्हस?

"आई, मी बसतो की," अतुल म्हणाला. "आत्ताच बघूया."

सगळी वरात गोठ्यात गेली. अतुलनं पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि चांदीच्या पोटाला डोकं लावून बसला. चांदीनं मान वळवून बघितलं, कोण हे ध्यान, अशा नजरेनं. मग मागचा पाय सरकवला. मग शेपूट फिरवली ती नेमकी त्याच्या डोळ्यावर. अतुलनं सड ओढले, चार-दोन थेंब आले आणि बंद. दूध वर चोरलं तिनं. तो उठला, डोळा चोळत हसला. "न्हाय बाई. हिला तुझाच हात पायजे."

आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, आक्काताईला आतल्या आत बरं वाटलं. सगळे बघत असताना ती चरवी घेऊन खाली बसली, चांदीनं लगेच पाय सैल सोडले, आणि चरवीत धारेचा आवाज घुमायला लागला. केरबा म्हणाला, "बघा, कशी गरीब गाय झाली म्हस." सगळे हसले. आक्काताईही हसली. चरवी फेसानं भरत आली तसं तिला स्वतःच्या त्या हसण्याची चीड आली, इतकी, की तिनं चांदीला उगाच एक चापट मारली.

"दोन-चार दीस दम काढ," केरबा म्हणाला. "कोण गडी मिळतो का बघतो. मग जा निवांत."

गडी मिळाला नाही. मिळणार कुठनं, कुणी शोधतच नव्हतं. अतुल म्हणायचा, या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, पुढच्या आठवड्यात बघू. केरबा म्हणायचा, डेअरीत सांगून ठेवलंय. डेअरीत त्यानं काय सांगून ठेवलं होतं ते आक्काताईनं स्वतः जाऊन विचारलं. डेअरीवाला म्हणाला, आबा म्हणत होते, आक्काताईशिवाय म्हस कुणाला हात लावू देत न्हाय, लई नादखुळा म्हस हाय. म्हणजे हा तिथंही कौतुकच सांगत बसला होता. आक्काताई घरी आली आणि भांडी अशी घासली की त्यांचे कान वाकडे झाले. भाकरी करपली. कुणी काही म्हटलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. शिवानी तेवढी एकदा दारात येऊन उभी राहिली, काहीतरी बोलायचं होतं तिला, पण केरबा आला आणि ती आत गेली.

मग परत फोन आला.

"मावशी, रागावू नका," पूर्णिमा म्हणाली. "त्यांनी जसं सांगाय सांगितलंय तसंच सांगते. म्हणत्यात, आक्काला म्हणावं, जमत नसंल तर म्हशीला टेम्पोत घालून आण. आपल्या परड्यात बांधू."

आक्काताई पहिल्यांदा हसली. मग गव्हाणीच्या काठावर बसली, आणि हसू तिथंच आटलं. मरायला टेकलेली बहीण तिच्यासाठी म्हशीची सोय करत होती. चांदी कडबा चघळत तिच्याकडं बघत होती. आक्काताईला एकदम सगळ्यांचा राग आला. केरबाचा, अतुलचा, मेलेल्या सासूचा, त्या पहिल्या चरवीचा, आणि सगळ्यात जास्त आपलाच, की इतकी वर्षं आपण हो म्हणत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळची धार झाल्यावर तिनं हात धुतले, पिशवीत दोन लुगडी घातली आणि शिवानीला म्हणाली, "मला कागलच्या स्टँडवर सोड."

शिवानीनं हातातलं काम तसंच टाकलं. स्कूटरची चावी घेऊन ती बाहेर गेली.

केरबा सोप्यात उभा राहिला. "आगं, आसं तडकाफडकी? आन म्हस?"

"म्हस गोठ्यात हाय."

"सांजच्याला काय करायचं?"

"खाली बसायचं."

"आन न्हाय दिली तर?"

"न्हाय दिली तर उठायचं न्हाय," आक्काताई म्हणाली, आणि सुनेच्या मागं स्कूटरवर जाऊन बसली.

स्टँडवर गाडी लागेपर्यंत शिवानी थांबली. पिशवी वर देताना म्हणाली, "आत्ती, फोन येतील. आले तरी माघारी फिरू नका." एवढंच बोलली. म्हणजे पोरीला इतकी वर्षं सगळं दिसत होतं तर. आक्काताईला तिचाही जरासा राग आला, आधी बोलली असतीस तर काय झालं असतं, म्हणून. मग वाटलं, आपण तरी सासूसमोर कुठं काय बोललो होतो.

गडहिंग्लजला तिनं गाडी बदलली, पण दुसरी गाडी लागायला दुपार झाली. तोवर ऊन कलायला लागलं होतं. आता चांदी दाराकडं बघायला लागली असेल. आता कास भरून आली असेल. एका थांब्यावर उलट्या दिशेची एसटी उभी दिसली, तेव्हा ती जागेवरनं अर्धी उठलीसुद्धा. शेजारच्या बाईनं विचारलं, "उतरायचं हाय काय, पावणं?" ती म्हणाली, "न्हाय," आणि परत बसली. पुढं डोंगर लागले, काजूची झाडं लागली, हवेत ओल आली. आपल्या माहेरचा वास तिला ओळखू यायला वेळ लागला, कारण इकडं ती कायम घाईत येऊन घाईत गेली होती.

विठाबाई खाटेवर एवढीशी झालेली. डोळे मिटलेले होते. पावलांचा आवाज ऐकून तिनं उघडले.

"आलीस?"

"आलो."

"आन म्हस?"

आक्काताईच्या डोक्यात सणक गेली. हिनंसुद्धा तेच विचारावं. पण विठाबाईच्या चेहऱ्यावर खोच नव्हती, ती खरंच विचारत होती.

"हाय तिकडंच."

"कोण पिळणार?"

"कोण पिळायचं त्यो पिळंल. तू सरक जरा, मला बसाय जागा दे."

दिवेलागणीला पूर्णिमाच्या मोबाइलवर अतुलचा फोन आला. त्याच्या मागं चांदीचं हंबरणं स्पष्ट ऐकू येत होतं. "आई, न्हाय देत. आबा बसलेत कवाचं. लाथ मारली त्यास्नी. काय करायचं?"

आक्काताईचे पाय आपोआप दाराकडं वळले. आत्ता शेवटची गाडी मिळाली तर... विठाबाई उशीवरनं बघत होती. ती बहुतेक धरूनच चालली होती, की आता ही जाणार.

"आबास्नी सांग, उठू नका," आक्काताई म्हणाली. फोन तिनं पूर्णिमाच्या हातात दिला. "बंद करून ठेव हे. मला दिऊ नगंस."

पुढचे दिवस तिचे वाईट गेले. बहिणीजवळ बसायची, तिचे केस विंचरायची, चमच्यानं पेज पाजायची, लहानपणीच्या गोष्टी काढायची. आणि कानात सारखं हंबरणं. कास सुजली असेल. म्हैस तापानं आडवी झाली असेल. केरबानं वैतागून व्यापारी बोलावला असेल. मुक्या जनावराला आपण छळलं, असं तिला वाटत होतं, आणि असं वाटतं याचा परत संताप येत होता. विठाबाईनं एकदा तिचा हात धरला आणि म्हणाली, "हात किती राठ झालेत तुझं, आक्का." तिनं हात काढून घेतला नाही.

एका दुपारी डॉक्टरांना विचारायचं होतं म्हणून पूर्णिमानं फोन चालू केला. केला न केला तोच वाजला. केरबा. हा माणूस कधी आपणहून फोन लावत नसे, आणि लावला तर पलीकडच्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत असे. आक्काताईनं तो कानाला लावला. लावायची गरज नव्हती, खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं.

"म्हशीनं सोडलं दूध," केरबा म्हणाला.

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? मला. पयल्या सांजच्याला अडली. सकाळीबी अडली, उलीसं दिलं. तू सांगितलंतंस उठू नगा, न्हाय उठलो. मग पेंड ठिवली फुडं, पाठीवरनं हात फिरवला, बसलो तसाच. दुसऱ्या सांजच्याला दिलं की सगळं. आता तर मी गोठ्यात शिरलो की मान हलवती. डेअरीवाला म्हणला, आबा, फॅट जरासुदीक हलली न्हाय."

म्हैस बरी आहे, हे ऐकून आक्काताईचा जीव भांड्यात पडला होता. मग हळूहळू दुसरं काहीतरी वर यायला लागलं.

"लुगडं नेसलासा?" तिनं विचारलं.

"लुगडं?" केरबा हसला. "लुगडं कशाला लागतंय? तसलं काय नसतंय. जनावर हाय, दोन दीस नखरं करतंय, मग देतंय. एवढं काय त्यात."

एवढं काय त्यात. तो शाबासकीची वाट बघत होता. आपण काय बोललो ते त्याला कळलंच नव्हतं, आणि आता या वयात सांगितलं असतं तरी कळलं नसतं. दोन दिवस. आव्वा अंथरुणावर होती तेव्हा कुणीतरी दोन दिवस लाथा सोसून खाली बसायला हवं होतं, बाकी काही नाही. लुगडं नको, वास नको, हाताचा गुण नको. हा एका लाथेला उठला होता, आणि तिनं ते खरं मानलं होतं. नागपूर, पुणं, आव्वा, विठा. सगळं त्या एका लाथेवर गेलं होतं. तिच्या हातापायांत इतका राग भरला, की फोन भिंतीवर फेकून द्यावासा वाटला. पण फोन पूर्णिमाचा होता.

"कवा येतीस मग?" केरबानं विचारलं.

"कशाला?"

"कशाला म्हंजे?"

"म्हस देती न्हवं?"

"देती की."

"मग माझं काय काम हाय तिथं?"

नेहमीचा सवाल केरबाच्या ओठावर आला असणार, पण तो त्यानं आत्ताच स्वतःच्या तोंडानं निकालात काढला होता. "तसं न्हवं गं," तो म्हणाला. आक्काताईनं फोन ठेवला.

मग ती रडली. हुंदके देऊन, पदर तोंडात कोंबून, चिडलेल्या पोरासारखी रडली. पूर्णिमा घाबरून पाणी घेऊन आली. विठाबाईनं हातानंच तिला थांबवलं.

"रडू दे तिला," ती म्हणाली. बोलताना तिला धाप लागत होती. "आक्का, मी जलमभर तुझ्या म्हशींस्नी शिव्या घातल्या. येका-येकीला. त्यांचा काय दोष न्हवता की गं."

"मला तरी कुठं म्हाईत हुतं, विठा."

"तुला कसं म्हाईत असणार. तू कवा सोडून बघितलंस? तुला आवडायचं की, तुझ्याबिगर देत न्हाय म्हणल्यावर."

हे खरं होतं. आक्काताईनं डोळे पुसले.

"आव्वालाबी आवडायचं," विठाबाई म्हणाली. "शेवटच्या दिवशी मी तिला म्हणलं, न्हाय येत तुझी थोरली, म्हस सोडवत न्हाय तिला. तर मलाच वरडली. म्हणली, आसं बोलू नगं, माझ्या आक्काच्या हाताला गुण हाय, म्हस दुसऱ्याला देत न्हाय, ती तरी काय करंल. समाधानानं गेली बघ ती. तुझ्यावर कसला राग न्हवता तिचा. राग माझाच हुता."

इतकी वर्षं आक्काताई मनातल्या मनात आव्वाची माफी मागत आली होती, आणि आव्वानं तर तिला केव्हाच माफ केलं होतं, त्या खोट्या गोष्टीवर विश्वास ठेवून. यावर सुखी व्हावं का कपाळ बडवावं, हे तिला कळेना. दोन्ही करायला अंगात त्राण नव्हतं.

"आधी का न्हाय सांगितलंस?"

"आधी तू कवा बसलीस माझ्याजवळ एवढा येळ?" विठाबाई म्हणाली, आणि धाप लागली म्हणून थांबली.

आक्काताईनं तिला मानेखाली हात घालून उठवलं, पाठीला उशी लावली. पेज निवत आली होती. तिनं वाटी मांडीवर घेतली, चमच्यानं ढवळली. तेवढ्यात फोन परत वाजला. पूर्णिमानं उचलला.

"मावशी, आबांचाच हाय. म्हणत्यात, म्हस पोटभर कडबा खाईना झालीया, काय करू."

"त्यास्नी सांग," आक्काताई म्हणाली, "आक्काताई मोकळी न्हाय." आणि तिनं चमचा विठाबाईच्या तोंडाशी नेला.